ठणका वेगळा, कळ वेगळी

महोदय,

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात आईच्या उशाशी आठ दिवस काढले. "शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" सिस्टरनी विचारलं. आई म्हणाली, "ठणका न्हाई ओ, नुसतं कालवतंय." सिस्टर केरळच्या, जीव लावून करणाऱ्या, पण 'कालवतंय' कुठल्या पुस्तकात सापडणार? शेजारच्या खाटेवरच्या निपाणीकडच्या आजी कानडी बोलायच्या, त्यांचं दुखणं सून आल्यावरच कळायचं. मॅडेलिन लेनिंजर या अमेरिकी परिचारिकेने १९५० च्या दशकातच रुग्णाची संस्कृती हा शुश्रूषेचा भाग मानला. आपल्याकडे तर सीमाभागातून, कोकणातून रुग्ण येतात. परिचारिका रुजू होताना ठणका, कळ, चमक, भगभग एवढे शब्द आणि कामापुरतं कानडी शिकवायला किती वेळ लागेल?

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर