आधी मार्ग, मग मजले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नगररचनेच्या कचेरीत मी अनुरेखक, म्हणजे नकाशे गिरवणारी, म्हणून लागले आणि आरेखक, म्हणजे नकाशे काढणारी, म्हणून निवृत्त झाले. नियोजित रस्त्यांच्या तुटक रेघा आणि बागांचा हिरवा रंग यांतच सगळी नोकरी गेली. त्यामुळे शहर वाढू लागलं की सोल-सिंगापूरचे फोटो दाखवून ‘आपणही असं करू’ म्हणतात, तेव्हा राहवत नाही. फोटोत तयार शहर दिसतं. कोणतं काम आधी झालं आणि कोणतं मागाहून, ते त्यात कळत नाही.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा १९४७ चा आराखडा हाताच्या पंजासारखा आहे. जुनं शहर म्हणजे तळवा, उपनगरी रेल्वेमार्गांलगतची वस्ती म्हणजे पाच बोटं आणि बोटांच्या मधली जमीन मोकळी. अशा सुंदर आकृत्या आम्हीही काढल्या. पण तिथे २००७ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, त्या पंजाला राष्ट्रीय निर्देशाचं बळ दिलं गेलं. मी रंगवलेले कितीतरी हिरवे तुकडे मात्र एकेक फेरबदल मंजूर होत माझ्याच हातून पिवळे, म्हणजे घरांसाठीचे, झाले. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडण्याचा आवाज अजून कानात आहे.

ब्राझीलमधल्या कुरितिबानं १९७४ मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली. मेट्रो परवडणारी नव्हती. पण खरी गोम इमारतींच्या नियमात आहे. उंच बांधकामाला परवानगी या बसमार्गांलगत, आणि तिथून दूर जावं तसे मजले कमी. म्हणजे माणसं राहायला येतात तिथे बस आधीच हजर. नुसती मार्गिका उचलली आणि मजल्यांचा नियम सोडून दिला, तर बस धावते एकीकडे आणि वस्ती वाढते दुसरीकडे. खुद्द कुरितिबाच्या हद्दीबाहेर पसरलेल्या वस्त्यांना हा लाभ तसा मिळाला नाही, हेही नोंदवते.

सोलनं चोंग्येचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा प्रवाह खुला केला. कौतुक योग्यच आहे. पण आज त्यातलं बरंचसं पाणी पंपानं आणून सोडावं लागतं. म्हणून वाटतं, जे ओढे अजून उघडे आहेत त्यांच्या काठाच्या रेघा आधी पक्क्या कराव्यात.

सिंगापूरनं १९६६ च्या कायद्यानं जमीन झपाट्यानं ताब्यात घेतली. टोकियोनं १९२३ च्या भूकंपानंतर जमीनमालकांकडून थोडा थोडा हिस्सा रस्ते-बागांसाठी घेतला आणि उरलेल्या जमिनीचे नीट भूखंड त्यांनाच परत दिले. मला दुसरी वाट अधिक माणुसकीची वाटते.

माझी मागणी छोटी आहे. नवा आराखडा हरकतींसाठी लावताना मागच्या आराखड्यातली कोणती आरक्षणं (म्हणजे रस्ते-बागांसारख्या सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा) वगळली, केव्हा आणि कोणतं कारण देऊन, त्याची यादीही शेजारी लावावी. ती तयार करायला मी विनामोबदला बसायला तयार आहे.

– एक निवृत्त आरेखक