रोबोट घ्यायला पैसे आहेत, चालवणाऱ्या माणसाला नाहीत

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत लॅबमधल्या रोबोटांवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण शेवटी जे म्हटलंय की हे रोबोट आले की लॅब टेक्निशियनच्या नोकऱ्या जाणार, ते वाचून थोडं हसू आलं आणि थोडा रागही आला, कारण आमच्याकडे सगळं उलटंय, रोबोट येतो आणि तो चालवायला टेक्निशियन नाही म्हणून पडून राहतो. मी पुण्यात प्रोटिओमिक्सच्या कामात आहे, म्हणजे रक्त, पेशी, टिश्यू यातली प्रोटीन्स मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात त्याच्या आधीची जी तयारी असते ती आम्ही करतो. म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापा हवं तर.

मास स्पेक्ट्रोमीटर कोट्यवधीचं, त्यामुळे पाहुणे आले की फोटो त्याच्यापुढेच. पण निकाल चांगला की वाईट हे बऱ्याचदा त्याच्या आदल्या दिवशी टेबलावर ठरलेलं असतं. डिटर्जंट घालून पेशी फोडायच्या, प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध तोडायचे, ते परत जुळू नयेत म्हणून आयोडोॲसिटामाइड घालायचं आणि तेही अंधारात कारण उजेडात ते खराब होतं, मग डिटर्जंट काढून टाकायचा, मग ट्रिप्सिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम घालून ३७ अंशावर रात्रभर ठेवायचं म्हणजे प्रोटीनचे लायसिन आणि आर्जिनिनपाशी तुकडे पडतात, आणि या प्रत्येक पायरीला थोडे थोडे मायक्रोलिटर, एका प्लेटमध्ये ९६ खाचा. १९५७ साली जर्मनीत मारबुर्गला हाइनरिश श्निट्गर यांनी द्रव मोजून घ्यायच्या, तोंडाने ओढायच्या काचेच्या पिपेटला वैतागून दट्ट्याची पिपेट बनवली, तेव्हापासून जीव वाचला खरा पण अंगठा कामाला लागला. संध्याकाळपर्यंत तोच अंगठा सकाळसारखा दाबला जात नाही, आणि दोन माणसांचा हात तर कधीच सारखा नसतो.

आता याने काय बिघडतं? समजा पेशंटचे सॅम्पल सोमवारी एकीने केले आणि निरोगी लोकांचे गुरुवारी दुसऱ्याने केले, तर जो फरक दिसेल तो आजाराचा की हाताचा हे नंतर कुणाच्या बापाला सांगता येत नाही. यावर आकडेशास्त्राची मलमपट्टी करतात पण दोन्ही गोष्टी अशा एकात एक अडकल्या की ती मलमपट्टीही चालत नाही. शिवाय माणूस वाकून काम करतो, केस, त्वचेचा कोंडा, थंडीत स्वेटर, सगळ्यातून केराटिन पडतं आणि मशीनला तेही प्रोटीनच.

माणसाऐवजी पिपेट चालवणाऱ्या स्वस्त रोबोटचं महत्त्व इथे आहे. हॅमिल्टन, टेकॅन, बेकमन या कंपन्यांची मोठी यंत्रं पूर्ण सेटअपसकट लाखभर डॉलरच्या वर सहज जातात, ती फार्मा कंपन्यांनी घ्यावीत. न्यूयॉर्कच्या ओपनट्रॉन्स कंपनीने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून पहिलं मशीन काढलं आणि पुढे जे ओटी-२ आणलं त्याची किंमत सुरुवातीला पाच हजार डॉलरच्या आसपास होती, आता वाढलीय तरी मोठ्यांच्या मानाने किरकोळच. टेबलावर मावणारा पारदर्शक डबा, आत दोन पिपेटा, प्लेटा ठेवायला अकरा जागा, आणि सगळं पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चालतं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते कारण पेपरांमध्ये आम्ही सगळे 'नीट मिसळा' असं लिहितो, आता नीट म्हणजे किती हे ज्याचं त्याला माहीत, पण इथे किती वेळा, कुठल्या वेगाने, तळापासून किती मिलिमीटर वर हे सगळं फाइलमध्ये लिहावंच लागतं आणि ती फाइल नाशिकच्या कॉलेजला मेल करता येते.

अजून एक गोष्ट जुळून आली ती म्हणजे सॅम्पल तयार करायची एसपी३ पद्धत. हायडेलबर्गच्या ईएमबीएल संस्थेतून २०१४ मध्ये ती आली. आधी फिल्टरवाली पद्धत जोरात होती, पण तिला दर पायरीला सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात गरगर फिरवणारं यंत्र, लागतो आणि स्वस्त रोबोटमध्ये सेंट्रिफ्यूज बसत नाही, म्हणजे माणसाने प्लेट उचलून न्या, आणा, मग ऑटोमेशन कसलं. एसपी३ मध्ये बारीक चुंबकीय मणी असतात, इथेनॉलचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या पुढे नेलं की प्रोटीन त्यांना चिकटतं, खाली लोहचुंबक लावायचं, वरचं पाणी काढायचं, ८० टक्के इथेनॉलने धुवायचं, डिटर्जंट निघून जातो, आणि त्याच मण्यांवर ट्रिप्सिन घालून मोकळं व्हायचं. ओतणे, मिसळणे, चुंबक, काढणे, बस्स, आणि हे तर रोबोटला येतंच.

पण बटण दाबलं की झालं असं नाहीये हो, आणि लेखात हेच राहिलं. इथेनॉल टिपमधून, म्हणजे पिपेटच्या टोकाला लावायच्या प्लास्टिकच्या नळीतून, ठिबकतं, एका खाचेतून दुसरीकडे जाताना मधल्या सगळ्या सॅम्पलवर शिंतोडे, म्हणून टिप आधी ओली करून घ्या, टोकाला थोडी हवा ओढा, हे कोणीतरी बसून कोडमध्ये घालावं लागतं. मणी तळाशी बसतात, म्हणजे उचलण्याआधी ढवळलं नाही तर पहिल्या रांगेला कमी आणि शेवटच्या रांगेला भलतेच. पेशींमधल्या डीएनएने द्रव चिकट झाला असेल तर माणसाला हाताला कळतं, रोबोटला कळत नाही, तो आपला हवा ओढून पुढे जातो. आणि कॅलिब्रेशन, म्हणजे पिपेटचं माप जुळवणं, चुकलं तर एकच चूक ९६ वेळा, अगदी एकसारखी. पाणी टाकून वजन करून बघायचं असतं, एक मायक्रोलिटर पाणी म्हणजे एक मिलिग्रॅम, चांगला तराजू असला की कुठल्याही कॉलेजात जमेल, पण करणार कोण?

माझा मुद्दा हाच आहे. खरेदीची अडचण आता बरीच कमी झालीय, जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी नियम सैल केले, खरेदी समितीमार्फत घ्यायची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर नेली, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलच्या बाहेरून घ्यायची मुभा संस्थाप्रमुखांना दिली. चांगलं झालं, कारण मॉड्यूलं म्हणजे वरून लावायचे जोडभाग, ड्युटी, जीएसटी धरून हा 'स्वस्त' रोबोटही १० लाखांच्या पुढे जातो आणि आधी त्याच्यासाठी टेंडरचा घोळ घालावा लागायचा. पण ग्रँटमध्ये इक्विपमेंटचा हेड वेगळा आणि मॅनपॉवरचा वेगळा, या डब्यातले पैसे त्या डब्यात टाकता येत नाहीत, आणि मॅनपॉवर म्हणजे प्रोजेक्ट संपेपर्यंतचा कंत्राटी मुलगा किंवा मुलगी. मी एका ठिकाणी बघितलंय, नाव नको, तिथल्या मुलीने सगळे प्रोटोकॉल बसवले, ठिबकणं बंद केलं, सगळं सुरळीत चाललं, आणि प्रोजेक्ट संपला तशी ती बेंगळुरूला कंपनीत गेली. कोड तिच्या लॅपटॉपवर. रोबोटवर आता प्लास्टिकचं कव्हर आहे आणि कव्हरवर टिपांची रिकामी खोकी. पैसे वापरल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट मात्र वेळेत गेलं, कारण कागदावर मशीन बसवलेलं आहे, पैसे खर्च झालेत, संपला विषय.

टिपांचंही तसंच. माणूस काटकसर करतो, जिथे चालेल तिथे तीच टिप वापरतो, रोबोट कोडमध्ये सांगितल्याशिवाय करत नाही, दर धुण्याला नवीन रॅक. टिपांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे कन्झ्युमेबल्सचा हेड पहिल्या सहामाहीतच आटतो.

सगळ्यांनी रोबोट घ्यावा असं मी म्हणत नाहीये. आठवड्याला दहा-वीस सॅम्पल असतील तर हातानेच करा, लवकर होईल. पण जिथे शेकड्याने पेशंटचे सॅम्पल येतात, किंवा पाच-सहा कॉलेजं मिळून एक सुविधा चालवू शकतात, तिथे मशीनच्या मंजुरीबरोबरच निदान पाच वर्षांची एक टेक्निशियनची जागा मंजूर झाली पाहिजे, बीएस्सी झालेली आणि थोडं पायथन शिकायची तयारी असलेली कितीतरी मुलं आहेत आपल्याकडे, आणि कोड संस्थेच्या सर्व्हरवर ठेवायची अट घातली पाहिजे. तुमचे वार्ताहर पुढच्या वेळी एखाद्या लॅबच्या उद्घाटनाला गेले तर फीत कापून झाल्यावर एवढंच विचारा की हे चालवतं कोण आणि त्याचं कंत्राट कधी संपतंय.

जाता जाता, लेखाबरोबरच्या चौकटीत मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा हजारावा भाग असं छापलंय. तो मिलिलिटर. मायक्रोलिटर म्हणजे दहा लाखावा भाग, दुरुस्ती छापाल तर बरं, मुलं ती चौकट कापून वहीत चिकटवतात.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे