दाराआडचं बटण

मिरज,
अनंत चतुर्दशी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. काकांच्या खोलीतला दिव्याच्या बटणांचा बोर्ड दार उघडलं की दाराच्या आड जातो, म्हणून तो पलीकडे कडीच्या बाजूला घ्यायचं ठरवलंयस, हे वाचून फार बरं वाटलं. पण त्याच पत्रात लिहिलंयस की तुमचा वायरमन चौकटीच्या कोपऱ्यावरून तिरकी झिरी, म्हणजे पाइप बसवायला भिंतीत कोरायची खाच, मारून तासाभरात काम उरकून देतो म्हणतोय. तेवढं मात्र होऊ देऊ नकोस. बाहेर मिरवणूक चालू आहे, ती पहाटेपर्यंत काही संपत नाही, म्हणून निवांत सगळं सविस्तर लिहितो.

आमच्याकडे आईच्या खोलीत नेमकं हेच होतं. रात्री ती अंधारात आत शिरायची, दार अर्धवट लोटायची आणि मग भिंत चाचपत बटण शोधायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एका हातात काठी आली, आणि दार लोटायला हातच उरेना. पडली असती तर काय, या विचाराने मला झोप लागत नव्हती. तेव्हा हे काम लहान आहे असं कुणी म्हटलं तर माझा विश्वास बसत नाही.

आता तिरक्या झिरीबद्दल. गिलावा झाला, रंग लागला की आतला पाइप कुणालाच दिसत नाही. पुढे कधी तरी तिथे कॅलेंडर लावायला कुणी खिळा ठोकणार, किंवा पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल घालणार. बोर्डाच्या सरळ वर पाइप असणार हे कुणीही अंदाजाने ओळखतं आणि ती जागा टाळतं. तिरका पाइप मात्र नेमका कुठून गेलाय हे ओळखणार कसं? म्हणून उभी झिरी अगदी ओळंब्यात आणि आडवी अगदी लेव्हलमध्ये, तिसरी वाट नाही. आमच्या वायरमनने आधी खडूने रेषा आखून दाखवल्या, मगच कटर हातात घेतला. जुन्या बोर्डाच्या वर, छताखाली जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरी जोडायची पेटी, होताच. तिथून छतापासून वीतभर खाली आडवं जायचं, दार ओलांडायचं आणि नव्या जागेवर सरळ खाली उतरायचं. पाइप थोडा जास्त लागतो, तो लागू दे. लिंटेलला, म्हणजे दारावरच्या आडव्या काँक्रीटच्या तुळईला, हात लावायचा नाही. त्याच्या आतल्या सळया भिंतीचा भार पेलतात.

झिरी किती खोल मारायची, यालाही माप आहे. विटांच्या बांधकामाचं आयएस १९०५ हे मानक सांगतं की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. तुझी ती नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटर, असेल तर उभ्याला साधारण ७५ आणि आडव्याला ३८ मिलिमीटर मिळतात. २५ मिलिमीटरचा पाइप त्यात आरामात बसून वर मसाल्याचा थरही राहतो. पण भिंत साडेचार इंची निघाली तर आडव्याला जेमतेम १९ मिलिमीटर. तिथे आडवी झिरी मारूच नकोस, सरळ केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची पट्टी, लाव. दिसायला जरा डावं, पण भिंत शाबूत राहते. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजता येते, आजच मोजून ठेव.

आमची भिंत जुनी, भरीव विटांची. कटरने दोन समांतर चिरे पाडले आणि मधला भाग छन्नीने काढला. आधी चुन्याचा गिलावा भुरभुर गळाला; त्याखालची वीट मात्र खणखणीत, छन्नी उसळून परत येत होती. मोठं ब्रेकर मशीन लावू देऊ नकोस, त्याने आजूबाजूचा गिलावा पोकळ होतो आणि वीटही तडकते. धूळ इतकी उडते की शेजारच्या खोलीतल्या गादीवरही तांबडा थर बसतो. कामाच्या दिवशी काकांना वहिनींबरोबर ताईकडे पाठव. ती धूळ फुप्फुसाला फार वाईट, कटर चालवणाऱ्यालाही तोंडाला मास्क लावायलाच लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेन स्विच पाडला म्हणजे वीज बंद झाली, असं धरून चालू नकोस. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मेन पाडला की तो आपणहून सुरू होतो, आणि दिवे-पंख्याचे पॉइंट सहसा त्याच्यावरच असतात. म्हणजे बोर्ड उघडणाऱ्याच्या हाताशी पुन्हा २३० व्होल्ट तयार! आधी इन्व्हर्टर बंद करा, मग मेन पाडा, आणि त्यानंतरच इन्व्हर्टरची आउटपुटची वायर सोडवा. त्यानंतरही नुसत्या टेस्टरवर भागवू नका. टेस्टर आधी दुसरीकडे चालू वायरीवर लावून तो नीट पेटतो ना हे पाहा, मग या बोर्डातल्या प्रत्येक वायरीला लावा आणि शेवटी टेस्ट लॅम्पने, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या साध्या दिव्याने, खात्री करा. यावर वायरमन वैतागला तर वैतागू दे.

कायद्याचंही तुला माहीत असावं. बिघडलेलं बटण त्याच जागी बदलणं घरच्या घरी चालतं. पण बोर्ड हलवणं म्हणजे मूळ वायरिंगमध्ये फेरफार, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे तो परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावा लागतो. परवाना बघायला मागायला लाजू नकोस.

पाइपात कुठेही जोड नको. वायर आखूड पडली तर जोड फक्त वरच्या जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरने, आणि त्या बॉक्सचं झाकण उघडता येईल असं ठेवायचं. तो गिलाव्याखाली गाडला की पुढच्या बिघाडाला अख्खी भिंत फोडावी लागते. दिव्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. हिरवी अर्थिंगची वायर नव्या बोर्डापर्यंत आलीच पाहिजे. आणि बटणाने फेजच, म्हणजे वीज आणणारी वायरच, तुटतेय ना, हे काम झाल्यावर तपासून घे. जुन्या घरांत कुणी तरी कधी तरी न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, बटणावर घेतलेली सापडते. मग बटण बंद असलं तरी दिव्याच्या होल्डरात वीज खेळत राहते, आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसतो. जुनी जागा मोकळी झाली की तिथे ब्लँक प्लेट बसव, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर पाइप तयार आहे.

उंचीसाठी टेप घेऊ नकोस. काकांना दारात उभं कर, काठीसकट, आणि मोकळा हात सहज भिंतीला टेकवायला सांग. तिथे पेन्सिलीने खूण. आईची खूण चार फुटांच्याही खाली आली, जुना बोर्ड तिच्या डोळ्यांच्या रेषेत होता. झिरी मारताच आहात तर पलंगापाशीही एक बटण घे, दोन्ही टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून चालू-बंद करता येईल. त्यासाठी दोन बटणांमध्ये दोन जादा वायरी खेचाव्या लागतात, पाइप मोकळा असतानाच ते सोपं पडतं.

घाई करू नकोस, दसऱ्यापर्यंत थांब. पावसाळ्यात तुझी पश्चिमेची भिंत ओल धरते, हे तूच सांगायचास. झिरी बुजवताना धूळ धुऊन काढायची, विटा भिजवायच्या, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू असा मसाला भरायचा आणि झिरीच्या दोन्ही बाजूंना पुरेल अशी चिकन जाळी, म्हणजे बारीक तारेची जाळी, बसवायची, नाहीतर नेमकी तिथेच चीर येते. मग आठवडाभर पाणी मार. पुट्टी, रंग नंतर. आणि बुजवायच्या आधी उघड्या पाइपाचा फोटो टेप धरून काढ, त्याची प्रिंट मीटरच्या पेटीत चिकटवून टाक.

खडूने रेषा आखल्या की कटर लावायच्या आधी मला भिंतीचा फोटो पाठव. मी त्या दिवशी फोनजवळच असेन, आणि तुला हवं असेल तर सकाळच्या एसटीने येऊनही जाईन.

काकांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल