बाबा, ते एक वाक्य काढा

डोंबिवली

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

आजीच्या वर्षस्मरणाच्या भक्तीत, म्हणजे प्रार्थनासभेत, वाचायचा मजकूर दादानं व्हॉट्सॲपवर पाठवला. बाबांनी वहीत लिहिलं आणि त्यानं टाइप केलं, असं दिसतंय. कारण शुद्धलेखन बाबांचं आणि उद्गारचिन्हं दादाची. जन्म 1930, लग्न, आजोबांची प्रेसमधली नोकरी, 1969 साली त्यांचं जाणं, शिवणकाम, बालवाडी, संडे स्कूल, माता संघ, सगळं जागच्या जागी आहे. आत्याचं नाव राहिलंय, तेवढं घाला, नाहीतर पुढचा नाताळ अबोल्यात जाईल.

पण तिसऱ्या परिच्छेदात बाबांनी लिहिलंय, ‘तिने आयुष्यात कधी कुणापुढे हात पसरला नाही.’ बाबा, हे वाक्य काढा. स्मरणभक्तीत असं बोलायची पद्धत आहे, आणि तुम्ही ते मनापासूनच लिहिलंय. पण ते खरं नाही, आणि कुणाला नसलं तरी तुम्हाला ते माहीत आहे.

आजीनंच मला सांगितलं होतं. मी कॉलेजात असताना ती दुपारी मशीनवर बसायची आणि मी तिच्या शेजारी काज-बटणं करायचे, तेव्हा. मशीन चालू असलं की तिला जुनं आठवायचं, थांबलं की ती विषय बदलायची. आजोबा गेले तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होतात. नाशिकरोडचं प्रेसचं क्वार्टर सोडावं लागलं आणि तुम्ही तिघं नाशिकमध्येच शरणपूरला दोन खोल्यांत आलात. बालवाडीचा पगार म्हणजे नावाला पगार. त्यावर झंपर, परकर, शाळेचे गणवेश, जे येईल ते ती शिवायची. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा लोकांनी कपडे शिवायचेच बंद केले. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची, तीही पुरायची नाही.

आजी रोज स्वयंपाकाला लागली की एक मूठ तांदूळ नाहीतर पीठ वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याअखेर ते चर्चमध्ये जायचं आणि मंडळीतल्या अडल्यानडल्यांच्या घरी पोचायचं. त्या वर्षी तिच्या डब्यात टाकायला काही उरेना. मग एका रविवारी उपासना संपल्यावर ती स्वतःहून पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, ‘साहेब, या वेळी यादीत माझं नाव घाला.’ कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी तिच्या घरात डोकावलं नव्हतं. तिनं मागितलं.

ती पिशवी आणायला ती तुम्हाला पाठवायची, आणि शाळेतली मुलं बघतील म्हणून तुम्ही मागच्या बोळानं यायचात. हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, ‘तो लांबून यायचा, मी काही बोलले नाही. चौदा वर्षांच्या पोराला तेवढा वळसा घेऊ द्यावा.’ बाबा, रागावू नका. हे मी भक्तीत वाचणार नाही, दादालाही सांगितलेलं नाही. पण मला वाटतं, ते वाक्य त्याच बोळातून आलंय.

दुसरी गोष्ट शेजारच्या गुजराती काकूंच्या डब्याची. त्या वर्षी त्या मधूनमधून पितळी डब्यात खिचडी-कढी पाठवायच्या. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर तरी घालतात, निदान गुळाचा खडा. आजी तो डबा घासून, पुसून, उन्हात कोरडा करून रिकामा परत करायची. मी विचारलं, ‘लाज नाही वाटली?’ तर म्हणाली, ‘पहिल्यांदा वाटली. मग मनात म्हटलं, घरात आहे ती चिमूटभर साखर मी डब्यात घातली तर ती भूक झाकण्यासाठी घालतेय, प्रेमानं नव्हे. काकूंना खोटं कशाला दाखवू?’ पुढे बरे दिवस आल्यावर नाताळच्या करंज्या-चकल्यांचं पहिलं ताट त्यांच्याकडेच जायचं, ते काकू मुलाकडे सुरतेला जाईपर्यंत. पण तिनं त्याला कधी फेड म्हटलं नाही. घेतलेलं घेतलं, दिलेलं दिलं, इतकं तिचं सरळ होतं.

तुम्ही वाचनासाठी नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय निवडलाय, तो बरोबरच आहे; ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक आईला तो लागू करतात आणि आजीला खरंच लागू पडतो. त्यातली ती सद्गुणी स्त्री गरजवंतांपुढे हात लांब करते ना, देण्यासाठी? आजीचा हात दोन्ही कामांना लांब व्हायचा. माझ्या मते तिच्या भक्तीतला अवघड भाग तोच होता. पहाटे पाचला उठून प्रार्थना करणारी माणसं आपल्या शरणपुरात आणखीही होती.

तिची प्रार्थनाही काही मुकाट्यानं चालणारी नव्हती. सगळी मंडळी, सगळी गल्ली नावानिशी देवापुढे उभी करायची, तीही मोठ्यानं. कोणाच्या मुलाला गणितात किती पडले, कोणाच्या सुनेला डॉक्टरांनी काय सांगितलं, हे भिंतीपलीकडच्यांना आपल्या घरातून कळायचं. आई, तू एकदा तिला म्हणालीस, ‘आई, देवाला ऐकू येतं हो,’ आणि दोन दिवस घरात शांतता होती. पाचच्या प्रार्थनेपुरती सुद्धा.

हे लिहितेय कारण मजकुरात आजी अगदी संत झालीये. तिला स्मृतिचित्रे फार आवडायचं. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, याचा तिला माहेरच्या माणसासारखा अभिमान. त्या पुस्तकात लक्ष्मीबाई नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा लपवत नाहीत आणि स्वतःची फजितीही नाही, तरी वाचून झाल्यावर दोघांबद्दल माया वाटते. मग आपणही लिहू या की आजी भेटवस्तूंचे कागद इस्त्री करून परत वापरायची. रविवारी सिनेमा लावला की टीव्हीपुढे येऊन उभी राहायची. पेटीवर लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याची, रेव्हरंड टिळकांची, भजनं म्हणताना लय इतकी वाढवायची की तबल्यावर बसलेल्याला घाम फुटायचा.

आणि आईला तिनं पहिली काही वर्षं सोपी जाऊ दिली नाहीत, हेही सगळ्यांना माहीत आहे. आई, तू नाशिकरोडची, कॅथलिक घरातली, आणि आपण प्रोटेस्टंट. तुझी जपमाळ उशाशी दिसली की ती काही बोलायची नाही, पण भांडी जोरात ठेवायची. मग फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला तू एकटीच जायचीस. एके वर्षी ती चप्पल घालून दारात उभी राहिली, ‘चल, मीपण येते.’ गोव्या-मुंबईहून आलेल्या त्या गर्दीत उन्हात रांगेला उभी राहिली आणि मेणबत्तीचा भाव काय, प्रसादाचा भाव काय, यावर रांग संपेपर्यंत कुरकुर केली. तू घरी येऊन हसत सांगितलंस, ‘बाईंनी भाव विचारला, पण मेणबत्ती लावली.’ त्यानंतर दर फेब्रुवारीला ती तुझ्याआधी तयार. तिनं मतं बदलली असं मला वाटत नाही. तिनं तुझ्याकडून काहीतरी घेतलं, आणि घेताना नाक मुरडायची सवय मात्र सोडली नाही.

संडे स्कूलबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तिथे थोडं वाढवा. भक्तीला येणाऱ्यांतले निम्मे तिच्या हाताखालून गेलेले असतील, आणि त्यांना दावीद-गल्याथाच्या आधी जेकब वेनराइट आठवेल. आमच्या वेळी ती ही गोष्ट दर पावसाळ्यात सांगायची, आणि शरणपूरच्याच मातीवर बसून ऐकायला आम्हाला भारी वाटायचं. अरबांच्या जहाजांवरून इंग्रजी आरमारानं सोडवलेली गुलामांची आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जायची, त्यांतली कितीतरी इथे शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात वाढली, लिहायला-वाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतलाच हा जेकब. पुढे आफ्रिकेत लिव्हिंगस्टन या मिशनरी-प्रवाशाच्या तांड्यात गेला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं आणि जेकबनं दफनाची प्रार्थना वाचली. कारण त्याला वाचता येत होतं. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीखही त्यानंच कोरली. मग देह उन्हात सुकवून, सालीत आणि कापडात गुंडाळून, ती माणसं महिनोन्‌महिने चालत समुद्राकाठी आली. 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत हा शरणपूरचा पोरगा होता.

इथे आजी थांबायची आणि विचारायची, ‘त्याला पाटी कोणी दिली?’ आम्ही ओरडायचो, ‘मिशननं!’ ‘पाटी घेतली म्हणून तो लहान झाला का?’ ‘नाही!’ एवढंच. पुढे काही उपदेश नाही, लगेच लिमलेटच्या गोळ्या. तेव्हा आमचं सगळं लक्ष गोळ्यांकडे असायचं.

शेवटच्या वर्षांबद्दल मजकुरात ‘दीर्घ आजारपण तिने धीराने सोसले’ असं आहे. धीरानं सोसलं खरं, पण मला आठवतं ते वेगळं. पंचाहत्तरीला तिनं संडे स्कूलची किल्ली आपणहून एका तरुण मुलीच्या हातात दिली आणि पुन्हा कधी वर्गात डोकावली नाही. खुब्याचं हाड मोडल्यावर अंघोळ घालायला बाई ठेवली. माझ्यासमोर पहिल्या दिवशी तिनं त्या बाईला सांगितलं, ‘पाठ नीट चोळ हं, माझा हात तिथे कधी पोचलाच नाही.’ दोघी हसत बसल्या. काचबिंदूनं डोळे गेल्यावर शास्त्र वाचून दाखवायला येईल त्याला बसवायची: दादाचा मुलगा, पेपरवाला, एकदा तर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस. त्यानं 121 वं स्तोत्र अडखळत वाचलं, तिनं प्रत्येक अडलेला शब्द पाठ म्हणून दाखवला आणि त्याला चहा दिला. तो अंत्यविधीलाही आला होता, बाबा. कबरस्थानाच्या फाटकाशी चिखलात उभा होता तो उंच माणूस. तुम्ही विचारलंत ना, हा कोण?

आता तुमच्याबद्दल लिहिते, आणि हे भक्तीत वाचायचं नाही.

बाबा, तुमचा गुडघा जिना चढताना वाजतो, ते मला फोनवर ऐकू येतं. खालच्या मजल्यावरचा मुलगा दर रविवारी स्वतःच्या गाडीनं शरणपूर रोडवरूनच जातो. तो म्हणतो ‘काका-काकूंना चर्चला सोडतो’, आणि तुम्ही म्हणता, ‘नको, कशाला कुणाचे उपकार?’ आणि कॅनडा कॉर्नरच्या त्या गर्दीतून आईला मागे बसवून स्कूटर काढता. आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माता संघाच्या बायका आठवडाभर डबा देणार होत्या. तू आदल्या दिवशी उभं राहून तीन दिवसांचा स्वयंपाक करून फ्रीजमध्ये ठेवलास, म्हणजे कुणाला त्रास नको. त्या बायकांत तुझ्याच हातची पुरणपोळी बाळंतपणात खाल्लेल्या दोघी आहेत. त्यांना फार वाईट वाटलं, माझ्याकडे बोलल्या.

तुम्ही दोघांनी आयुष्यभर दिलंत. आजारी माणसांना डबे, नातेवाइकांच्या पोरांच्या फिया, आणि 2015 च्या कुंभमेळ्यात दारातल्या माठावर बाबा किती वाजेपर्यंत पाणी भरत उभे असायचे! आजीनं तुमच्यात हे घातलं. दुसरं मात्र तुमच्यात उतरलं नाही, किंवा उतरू दिलं नाहीत. मला वाटतं, त्या वाक्याला मी एवढी अडले ती म्हणूनच. भक्तीत ते वाचलं गेलं, लोकांनी माना डोलावल्या, की तुम्हाला आणखी एक आधार मिळेल, ‘आमच्या आईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही, आम्ही का पसरावा?’

त्याच्या जागी असं घाला, चालतंय का बघा: ‘1972 च्या दुष्काळात मंडळीच्या धान्यावर तिने घर चालवले, आणि ते ती कधी विसरली नाही व तिने कधी लपवलेही नाही.’ शेवटचा भाग नको वाटला तर काढा, पण धान्याचं राहू द्या. त्या वर्षी मूठमूठ धान्य टाकणाऱ्यांची मुलं-नातवंडं त्या दिवशी बाकांवर बसलेली असतील. आपल्या घरातल्या धान्याचं काय झालं, हे त्यांना कळू दे.

आम्ही शुक्रवारच्या पंचवटीनं येतोय. स्टेशनवर यायचं नाही, आम्ही रिक्षा करू. भक्तीनंतरचा चहा-नाश्ता मी आणि वहिनी बघतो, आईनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. चिवडा नाशिकहूनच घेऊ, इथून आणला तर आत्या बोलेल. आणि बाबा, खालच्या त्या मुलाला मी फोन करून सांगितलंय की तुम्ही दोघं रविवारी त्याच्या गाडीतून येणार आहात. तो ‘नऊला तयार राहा’ म्हणालाय. तुम्ही साडेआठलाच खाली जाऊन उभे राहाल, ते करू नका.

तुमची,
लेक