बाबा, रॉशडेल नाही, रॉचडेल

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरचं ऐकू येत नाही आणि आलं तरी राहत नाही, पत्र लिही, असं बाबा म्हणालात, म्हणून आज सुट्टीची बसलेय. मी बरी आहे. आधी हेच लिहिते, नाहीतर आई पहिलं पान सोडून शेवटचं वाचायला घेईल. थंडी आहे, दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात, पण खोलीत हीटर आहे आणि अंगावर तुझी गोधडी आहे. व्हिडिओत तोंड बारीक दिसतं ते कॅमेऱ्यामुळं. वजन दोन किलो वाढलंय.

बाबा, टीव्हीवर दाखवतात तसं सगळ्यांना परत पाठवत नाहीयेत. जुलैपासून ब्रिटननं बाहेरून नवीन केअर वर्कर घ्यायचं बंद केलंय, ते खरं. आम्ही आधी आलेले, आम्हाला मुदत वाढवून मिळते. कागद सगळे नीट आहेत. फाईल लावलीय तुमच्यासारखी, वर अनुक्रमणिका चिकटवून. आणि आत्या म्हणाली म्हणे, पोरगी नर्सिंग शिकून तिकडं म्हाताऱ्यांची शी-शू काढायला गेली. आई, तू हे मला सांगितलं नाहीस, पण छोटूनं सांगितलं. तिला म्हणावं, हो, काढते. हातमोजे घालून काढते आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेते. तिच्या जावयानंच मागं माझ्याकडं इथल्या कामाची चौकशी केली होती, हेही सांग. नको, ते सांगू नको.

आता ज्याच्यासाठी एवढा कागद घेतला ते. आमच्या वृद्धाश्रमात सात नंबरच्या खोलीत एक आजी आहेत. नाव लिहिता येत नाही, इथं त्याबाबतीत फार कडक असतात. वय अठ्ठ्याऐंशी. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती थेट गावातल्या को-ऑपच्या दुकानात, कापड विभागात. को-ऑप म्हणजे आपला सहकारी बाजारच, पण मजल्यावर मजले. खाली वाणसामान आणि बूट, मधे कापडचोपड, त्याच्यावर फर्निचर, आणि सगळ्यात वर हॉल. तिथं शनिवारी रात्री नाच. आपल्या बाजारात वरच्या हॉलात वार्षिक सभा आणि खुर्च्यांची फेकाफेक, एवढाच काय तो नाच.

आजींना आता मुलीचं नाव आठवत नाही. मुलगी रविवारी भेटायला येते, तिला म्हणतात, बसा हं, मॅनेजर येतीलच. पण हातात चादर दिली की काठ दोन बोटांत धरतात, एक टोक नाकाशी नेतात, मान जराशी वळवून दुसरा हात ताठ लांब करतात. झाला एक वार. बोटं सरकवायची, पुन्हा नाक, पुन्हा हात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बादली हातात धरून तशीच उभी राहिले. बाजारातली मीटरची काठी मोडली होती त्या दिवाळीत, बाबा, तुम्ही असाच तागा मोजून दिला होता. तुमचं नाकाऐवजी पलीकडच्या खांद्यापासून असायचं, आणि कात्री लावायच्या आधी बोटभर जास्त सोडायचात. ‘गिऱ्हाईकाला मीटर दिसत नाही, बोट दिसतं,’ म्हणायचात.

मी आजींना सांगितलं, माझी आजी नऊवारी नेसायची, आमचा वार म्हणजे तुमचा यार्ड. त्यांचे हात थांबले. ‘नऊ? एका बाईला?’ मग ओठ हलवत हिशेब करायला लागल्या, त्यांच्या वेळचा, बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पाऊंड. शेवटी म्हणाल्या, ‘मग तुमच्या घराला डिव्ही चांगली मिळत असणार.’

हे डिव्हीचं आईसाठी जरा नीट लिहिते, बाबा, तुम्हाला पाठ आहे. डिव्ही म्हणजे डिव्हिडंड, लाभांश. पण आपल्याकडं शेअरवर वर्षातून एकदा मिळायचा आणि तोही सभेतला चिवडा खाऊन, तसा नाही. जेवढी खरेदी, तेवढा परतावा. प्रत्येक सभासदाला एक नंबर. पैसे देताना तो नंबर सांगायचा, काउंटरवरची पोरगी चिठ्ठीवर नंबर आणि रक्कम लिहायची, एक प्रत तुमच्याकडं, एक ऑफिसात. ठरलेल्या मुदतीनं सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज होऊन पैसे वाटायचे. त्या दिवशी बायका पोराबाळांसकट रांगेत, आणि त्याच पैशातून पोरांना बूट नाहीतर कोट. आता यातली गंमत अशी की सामान आणायला धाडायचे पोरांनाच. पोरगं साखर विसरून आलं तर परत जाऊन आणेल, पण नंबर चुकीचा सांगितला तर तेवढी डिव्ही दुसऱ्याच्या खात्यात. घरी आल्यावर पाठीत धपाटा. म्हणून पोरं वाटभर नंबर घोकत जायची. त्यामुळं इथल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाला बाकी काही विचारू नका, आईचा डिव्ही नंबर विचारा, फाडकन सांगतो. आई, अजून नाही कळलं तर असं समज, रेशनकार्डाचा नंबर, पण पैसे परत देणारा.

नाईटला आम्ही याचा उपयोग करतो. आजी रात्री दोन-अडीचला घाबरून उठतात, कुठं आहोत ते कळत नाही. तेव्हा मोठा दिवा लावायचा नाही, नावानं हाक मारायची नाही, नुसतं विचारायचं, ‘नंबर काय तुमचा?’ लगेच पाच आकडे, न अडखळता. नंबर सांगितला की उशीवर मान टाकतात.

परवा त्यांनी मला विचारलं, ‘आणि तुझा?’ मला काही सुचलं नाही. मी आपला मोबाईलचा शेवटचा भाग सांगितला.

मागच्या सुट्टीला रॉशडेलला, तुमच्या सहकाराच्या जन्मगावी, जाऊन आले. बाबा, रॉशडेल म्हणत नाहीत हो, रॉचडेल. बसवाल्याला तीनदा रॉशडेल सांगितलं, त्याला कळेना. तुमच्या सहकार प्रशिक्षणाच्या पुस्तकानं फसवलं. आणखी एक. दर चौदा नोव्हेंबरला सहकाराचा सप्तरंगी झेंडा लावून तुम्ही ‘रॉशडेलचे अठ्ठावीस विणकर’ म्हणून भाषण करायचात, ते सगळेच विणकर नव्हते. काही होते, बाकीचे दुसऱ्या धंद्यातले. अठ्ठावीस मात्र बरोबर, भांडवलही अठ्ठावीस पाऊंड. टोड लेन, ३१ नंबर. २१ डिसेंबर १८४४ ला संध्याकाळी दुकान उघडलं तेव्हा लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. आता तिथं संग्रहालय आहे. खाली दुकानाची खोली आहे तशी मांडून ठेवलीय, आपल्या साखरेच्या गोदामाएवढीच भरेल. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. तराजूचा फोटो खास तुमच्यासाठी काढलाय, छोटू दाखवेल.

आजींचं दुकान आता बंद आहे. खाली जिम झालीय, वर कबुतरं. दारावर दगडात मधमाश्यांचं पोळं कोरलेलं आहे, ती इथल्या सहकाराची खूण, आपल्या पाटीवर हातात हात असायचे तशी. आजी सांगतात, काउंटरवर पैसे ठेवायचे नाहीत. बिल आणि नोट एका डबीत घालून भिंतीतल्या नळीत सोडायची, ती हवेनं सूंकन वर कॅशच्या खोलीत जायची आणि सुट्टे घेऊन परत यायची. गिऱ्हाईक वर बघत उभं. मी म्हटलं, आमच्याकडं नळी नव्हती, गिऱ्हाईकच फिरायचं. एका काउंटरला बिल, दुसऱ्याला पैसे आणि शिक्का, तिसऱ्याला माल. त्यांना ते फार आवडलं. म्हणाल्या, मग दुकानात चोरी होत नसेल. मी गप्प बसले.

कॅशवरून एक सांगायचं राहिलंय, बाबा. पहिल्या दिवाळीला तुम्ही मला शंभर रुपये रोजावर लावलंत, मी पुडे बांधायला होते, पण कॅशियर आजारी पडले म्हणून तीन दिवस मला गल्ल्यावर बसवलं. धनत्रयोदशीला चारशे कमी आले. शंभरच्या नोटेला मी पाचशेचे सुट्टे दिले असणार. तुम्ही दोनदा मोजलंत आणि म्हणालात, ‘जुळलं, जा घरी.’ मी पळत घरी गेले, हलकी होऊन. नंतर तुमच्या खिशातल्या डायरीत बघितलं, ‘उचल ४००’. त्या दिवाळीला आईला साडी आली नव्हती आणि मी मात्र ड्रेसचा रंग आवडला नाही म्हणून दोन दिवस तोंड फुगवून होते. मला माहीत होतं. एवढंच.

तर पैशांचं. गुरुवारी दीड लाख पाठवलेत. एक लाख पतसंस्थेत भरा आणि आईचं तारण सोडवून आणा, पाटल्या आणि मोहनमाळ दोन्ही. व्याज राहिलं तर कळवा. तिथंच वजन करून घ्या, चेअरमन ओळखीचे असले तरी. पन्नास हजार छोटूच्या लग्नाला, हॉलच्या ॲडव्हान्सला. नको म्हणू नका, आणि बँकेत एफडी करून माझ्या नावावर ठेवायचा आगाऊपणा करू नका. मागच्या वेळचं मला कळलंय.

तारीख एप्रिलच्या शेवटी धरलीत ते बरं केलंत, मेच्या मध्यापासून अधिक जेठ लागतोय. मला रजा मिळणार नाही. म्हणजे मागितली तर मिळेलही, पण एप्रिलातल्या तिकिटात पतसंस्थेचे उरलेले हप्ते निघतात, असा हिशेब आहे. छोटूला मी सांगितलंय, तो काही बोलला नाही, ‘बरं’ म्हणाला. करवली म्हणून आत्याच्या पोरीला उभी करा. तिला माझी मोरपंखी पैठणी द्या, कपाटात वरच्या खणात, खालून दुसरी. अक्षता पडताना फोन जरा उंच धरा, मागच्या वेळी नुसतं छत दिसत होतं. मी त्या दिवशी नाईट घेईन, म्हणजे सकाळी मोकळी असेन.

सांगलीच्या स्थळाला कळवा, मुलगी अजून दोन वर्षं येत नाही. थांबणार असतील तर थांबू देत, पण थांबणार नाहीत, त्यांचा आवाजच तसा होता. आई, इथं कुणी आहे का म्हणून तू मावशीला विचारायला लावलंस. नाही. असतं तर सांगितलं असतं. निदान बाबांना.

तुझ्या गुडघ्यांचे एक्सरे अजून काढलेले नाहीत म्हणे. आई, काढ. जिना उतरताना कठडा धरून उतर, आधी दुखरा पाय खाली टाक. मी इथं रोज सहा जणींना हाताला धरून उतरवते. जाऊ दे. एक्सरे काढ आणि छोटूला फोटो पाठवायला सांग.

चौदा तारखेला बाबा बाजाराच्या पायरीपर्यंत जाऊन आले, झेंडा कुणी लावला नव्हता, असं कळलं. आता तिथं बसलेल्या मोबाईलच्या दुकानवाल्याला काय त्याचं. बाबा, घरच्या गच्चीवर लावा. झेंडा ट्रंकेत आहे, मी येताना इस्त्री करून ठेवला होता.

आत्याला नमस्कार. छोटूला आशीर्वाद, आणि वजन कमी करायला सांगा, फेटा बसणार नाही.

तुमची,
सुमी

ता. क. त्याच ट्रंकेत झेंड्याखाली आपल्या बाजाराचा शेअर सर्टिफिकेटचा कागद असेल. त्यावरचा सभासद नंबर मला कळवा. नाईटला आजी पुन्हा विचारतील.