वंदनाला पत्र: एक ‘गो’ पक्कं कर

प्रिय वंदना,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे लीड्सला जाऊन राहायचं ठरलं, वाचून फार आनंद झाला. इंग्रजीची धास्ती मात्र सोड. शब्दांच्या वह्या भरू नकोस, आधी एक ‘गो’ पक्कं कर. बाजारात, बसमध्ये, शेजारी, सगळीकडे ते लागतं.

आपल्याला ते तसं परकं नाही गं. ‘जाणे’ आलं संस्कृतच्या ‘या’ धातूवरून, पण भूतकाळातलं ‘गेला’ मात्र ‘गम्’वरून. इंग्रजीतही ‘गो’चं ‘वेंट’ हे ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचं रूप. इतकी वर्षं शिकवतेय, तरी मला याचं नवल वाटतं. वापरही जुळतो: आपला आवाज जातो, पैसे जातात, बल्ब जातो, आणि त्यांचेही ‘गॉन’च होतात.

जपायचं ते ‘ऑफ’ला. अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो, दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो. आणि सुनेने दुधाची बाटली हुंगून ‘इट्स गॉन ऑफ’ म्हटलं, तर ते चहात घालू नकोस, नासलंय.

शेजारणीने मुलाची चौकशी केली तर ‘ही हॅज गॉन टू लंडन’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू लंडन’ म्हणजे जाऊन आलाय. घरी जाताना नुसतं ‘गो होम’, मध्ये ‘टू’ नको.

शाळेची गंमत बघ. नातू शिकायला जातो म्हणून तो ‘गोज टू स्कूल’. तू त्याला आणायला जाशील, तेव्हा ‘टू द स्कूल’. हॉस्पिटलचंही तसंच: तिकडे पेशंटला ‘द’ लागत नाही, भेटायला जाणाऱ्याला लागतो.

कुणाकडून निघताना आपलं ‘येते हं’ तोंडात येईल. त्याचं ‘आय अॅम कमिंग’ करू नकोस, त्यांना वाटेल तू सोबत निघालीस. ‘आय मस्ट बी गोइंग’ म्हण. तिकडे ‘जाते’ म्हणणं कुणी अशुभ मानत नाही.

आणि घसरगुंडीपाशी नातू ‘इट्स माय गो’ म्हणून ओरडला, तर तो कुठे जात नाहीये, त्याची पाळी आलीय.

रविवारी दुपारी फोन कर, ही वाक्यं मोठ्याने म्हणून घेऊ.

तुझीच,
सुमन