पाचापर्यंत मोजणाऱ्या आजीकडून

इंदूर

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

छकुलीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, उपचारांच्या शेवटच्या दिवशी मी पुरणपोळ्यांचा डबा आणला होता. तुम्ही छकुलीबरोबर अर्धी पोळी खाल्लीत आणि बाकीचा डबा हसत परत दिलात, फीशिवाय काही घेत नाही म्हणालात. पोळ्या घरी येऊन संपल्या, आभार मात्र तसेच राहिले. म्हणून हे पत्र. तुम्हाला विचारूनच सगळ्यांसमोर ठेवतेय, नाव न घालता.

आमची नात घरी इतकी बोलते की तिचे आजोबा कानातलं यंत्र काढून ठेवतात. शाळेत मात्र सात महिने एक शब्द नाही. शू आली तरी सांगायची नाही, ओला फ्रॉक घेऊन घरी यायची. शाळेनं निदान करून टाकलं: घरात मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी, पोरीचा गोंधळ होतोय, घरात मराठी बंद करा. इंदूरच्या मराठी वस्तीत, रामबागेतल्या घरात! सुनेनं बिचारीनं आठ दिवस इंग्रजीत वरण-भात वाढला. पोर घरातही गप्प व्हायला लागली, तेव्हा कुठे आम्ही तुमच्याकडे, मानसशास्त्रज्ञांकडे, आलो. मुलानं आधी भिंतीवरचं पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र वाचलं, मगच खुर्चीत बसला. त्याचं बरोबरच होतं.

पहिल्या भेटीला तुम्ही छकुलीला आणूच नका म्हणालात, याचा मला राग आला होता. त्रास पोरीला, आणि बोलावणं आम्हाला? सव्वा तास तुम्ही विचारत होतात. बाळंतपण कसं झालं, पहिला शब्द कधी बोलली, रात्री कुणाजवळ झोपते, घरात चिडतं कोण. मग मोठ्या कागदावर आमचं घराणं काढलंत, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. माझ्या नणंदेच्या गोलाशी आलो आणि माझ्याच तोंडून निघालं की ती चौथीपर्यंत वर्गात पाटीवर लिहून उत्तरं द्यायची. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. तुम्ही त्या गोलाशेजारी पेन्सिलीनं बारीकशी खूण केलीत.

मग विचारलंत, शेजारच्या काकूंशी बोलते का? काकू मराठीच, शिरा खायला रोज बोलावणाऱ्या. तिथेही गप्पच. ‘मग अडचण भाषेची नाही,’ तुम्ही म्हणालात. नवी भाषा कानावर पडली की काही मुलं काही महिने गप्प राहतात, पण म्हणून स्वतःच्या भाषेत मुकी होत नाहीत. कान तपासून घ्या, घरातल्या बडबडीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा, आणि मराठी आजपासून पुन्हा सुरू करा. त्या रात्री सुनेनं किती दिवसांनी ‘अगं, जेव ना नीट’ म्हटलं!

‘हा हट्टच आहे ना?’ असं मी विचारलं होतं, आठवतं? तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, 1877 मध्ये कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या गप्प राहण्याला जे नाव दिलं, त्याचा अर्थ मुद्दाम न बोलणं असाच होता. पुढे अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीतही ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे स्वतःहून निवडलेलं, असंच नाव होतं. 1994 मध्ये ते ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ झालं आणि 2013 मध्ये ते चिंतेच्या विकारांत मोजायला लागले. घसाच आवळला जातो, हट्टाचा संबंध नाही. म्हणजे माझी समजूत जवळजवळ दीडशे वर्षं जुनी होती. शिकलेल्यांचीही तीच होती, एवढाच दिलासा.

औषध म्हणून तुम्ही आम्हाला सापशिडी दिलीत. खोलीत मी आणि छकुली, दार बंद, तुम्ही बाहेर. दोन खेपांनंतर दार चार बोटं उघडं. मग तुम्ही पॅसेजमध्ये वहीत काहीतरी लिहीत. मग आत, पण आमच्याकडे पाठ करून. मी पाचाचं सहा केलं (मुद्दाम नव्हे, चष्मा नव्हता) आणि छकुली ओरडली, ‘आजी, तू खोटं खेळतेस!’ तुमची मान हललीसुद्धा नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुढच्या पंधरवड्यात तुम्ही फासा टाकायला लागलात आणि मी हळूच खोलीबाहेर.

पण खरी शिकवणी माझीच झाली. एकदा तुम्ही आमचा खेळ पाहून म्हणालात, ‘आजी, पंचेचाळीस मिनिटांत तुम्ही तिच्या वतीनं अकरा उत्तरं दिलीत.’ मी तिची वकीलच होते. कुणी नाव विचारलं की मी सांगायची, कुणी चॉकलेट दिलं की थँक्यू माझं. तिची भीती कमी व्हावी म्हणून करत होते, आणि तिला बोलायची वेळच येऊ देत नव्हते. तुम्ही सांगितलंत, मनात पाचापर्यंत मोजा. मॅडम, पाच म्हणजे फार मोठा आकडा आहे.

गणपतीत आमच्या एका पाहुणीनं तिचा आवाज ऐकून ‘अगं बाई, बोलली बोलली!’ करून सगळ्यांना गोळा केलं. पोर पुन्हा दोन आठवडे बंद. मी रडतच फोन केला होता. तुम्ही म्हणालात, शिडीवर दोन पायऱ्या खाली आलोय, शिडी पडलेली नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईबरोबर खेळणं, मग बाई दारात, मग एक मैत्रीण, हे सगळं त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून केलंत. आठवड्याच्या भेटी पंधरवड्याच्या झाल्या, मग महिन्याच्या.

एक कबुली. ती माझ्याबद्दल आत काय सांगते, हे मी तुम्हाला दोनदा खोदून विचारलं होतं. ‘तिला धोका असेल असं काही असलं तर लगेच सांगेन, बाकीचं तिचं आहे,’ म्हणालात. सहा वर्षांच्या पोरीचं काहीतरी फक्त तिचं असू शकतं, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

परवा सकाळी पोह्यांच्या गाडीवर गेलो होतो, जिथे वरून जीरावन मसाला भुरभुरतात. मी तोंड मिटून उभी. एक, दोन... सातपर्यंत गेले. ‘भैया, जीरावन ज़्यादा.’ इतकं हळू की गाडीवाल्याला ऐकूच गेलं नाही. ‘क्या बेटा?’ मी जीभ चावली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी जिलेबीच्या कढईकडे. मग तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, आणि वरून, ‘दादी के में मत डालना, उनको एसिडिटी होती है।’

तुमची,
छकुलीची आजी